पोरांपेक्षा जास्त जगलेला सातू: मॅरिस ऑटरचं प्रकरण

१९८९ साली ब्रिटनच्या शिफारस-यादीतून मॅरिस ऑटर या सातूच्या (म्हणजे जवाच्या, बार्लीच्या) वाणाचं नाव निघालं. ही यादी केंब्रिजची ‘नियाब’ ही संस्था काढत असे. कोणता वाण कुठे किती पिकतो, कोणत्या रोगाला बळी पडतो, लोळतो (आडवा पडतो) का, बिअरच्या माल्टला चालतो का, हे सगळं त्यात आकड्यांत असायचं. यादीतून नाव गेलं की पुढे काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बियाणे दुकानदाराला विचारा. दोन-तीन हंगामांत पोतं दिसेनासं होतं आणि पाचव्या वर्षी नावही कुणी काढत नाही.

मॅरिस ऑटरचं तसं झालं नाही. यादीतून गेल्याला तीन दशकं उलटून गेली, तरी तो पेरला जातो, त्याचा माल्ट अमेरिकेपर्यंत जातो आणि त्याला बाजारभावापेक्षा चढा दर मिळतो. गंमत पुढेच आहे. ज्या सुधारित वाणांनी त्याची जागा घ्यायची होती, त्यातले हॅल्सियन आणि पिपकिन हे दोघे त्याच्याच पोटचे. ते आले, काही वर्षं चालले आणि नव्या वाणांनी त्यांना बाजूला सारलं. बाप अजून शेतात आहे.

हे प्रकरण बहुतेक वेळा ‘चवीने उत्पादनाला हरवलं’ अशा थाटात सांगितलं जातं. बिअर विकणाऱ्यांना ते सोयीचं आहे. मला त्यात बियाण्याची शिस्त आणि खरेदीचा करार या दोन गोष्टी जास्त वजनदार वाटतात. चवीचा मुद्दा खोटा नाही, पण त्याचा क्रम नंतरचा.

माल्टला नेमकं काय हवं असतं

माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेला सातू. दाणे पाण्यात भिजवून त्यातला ओलावा बारा टक्क्यांवरून पंचेचाळीसच्या आसपास नेतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि मग गरम हवेने वाळवून ओलावा चार-पाच टक्क्यांवर आणतात. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. ती पिष्टाभोवतीच्या पेशीभित्ती मोडतात, प्रथिनं थोडी सैल करतात आणि दाणा बोटाने चुरडण्याइतका ठिसूळ होतो. पेशीभित्तीचा मोठा भाग बीटा-ग्लुकान या चिकट पदार्थाचा असतो. तो नीट मोडला नाही तर पुढे ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, माल्टचा रस गाळताना सगळं तुंबतं.

म्हणून माल्टवाल्याच्या अटी शेतकऱ्याच्या अटींहून निराळ्या असतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव दाणे तरी रुजले पाहिजेत, तेही एकाच वेळी. दाणा भरलेला हवा, कारण बारीक दाण्यात साल जास्त आणि पिष्ट कमी. आणि नत्र कमी हवं. इंग्लिश धर्तीच्या एलसाठी (एल म्हणजे तिथली पारंपरिक बिअर) दाण्यातलं नत्र साधारण १.६५ टक्क्यांच्या आत मागतात. त्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिन येतं, म्हणजे दहा टक्क्यांच्या थोडं वर. प्रथिन वाढलं की त्या प्रमाणात पिष्ट घटतं, पर्यायाने उतारा, म्हणजे माल्टमधून रसात उतरणारा भाग, घटतो. चांगल्या माल्टचा उतारा कोरड्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो आणि ब्रुअरचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

शेतकऱ्याला उत्पादन वाढवायचं तर सर्वांत हुकमी उपाय नत्र खत. तेच खत जास्त झालं किंवा उशिरा पडलं की दाण्यात प्रथिन चढतं आणि माल नापास होतो. माल्टिंग सातूच्या पैदासकाराचं आयुष्य या एका ओढाताणीत जातं.

वंशावळ

धागा मागे नेला तर तो विल्टशरमधल्या वॉर्मिन्स्टर गावात पोचतो. तिथे एडविन स्लोपर बीव्हन हा माल्टचा धंदा करणारा माणूस स्वतःच्या हौसेने सातूचे वाण तपासत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने प्लुमेज आणि आर्चर या जुन्या वाणांचा संकर केला. त्यातून प्लुमेज-आर्चर आला. आयर्लंडमध्ये बिअर बनवणारी गिनेस कंपनी आणि तिथलं कृषी खातं यांच्या कामातून हर्बर्ट हंटरने स्प्रॅट-आर्चर काढला. पुढची दोनेक पिढ्या इंग्लंडमधलं माल्टिंगच्या सातूचं बहुतेक रान या दोन वाणांखाली होतं.

याच वर्तुळात विल्यम गॉसेट होता. गिनेसचा नोकर, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारा. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची जी ‘टी’ चाचणी आज कृषी विद्यापीठाचा प्रत्येक विद्यार्थी घोकतो, ती १९०८ साली त्याने मांडली. सातूच्या दोन वाणांतला फरक खरा की जमिनीच्या चढउतारामुळे दिसणारा, हा त्याच्या कामातला रोजचा प्रश्न होता, आणि त्यावर त्याचा बीव्हनशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालत असे. सातूने संख्याशास्त्रावर केलेले हे उपकार फारसे कुणी मानत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेत बदललं. रासायनिक नत्र स्वस्त झालं, कापणी-मळणी एकत्र करणारं कंबाइन यंत्र आलं. जुने उंच वाण खत मिळालं की लोळायचे आणि लोळलेलं पीक कंबाइनला नीट उचलता येत नसे. केंब्रिजजवळ ट्रम्पिंग्टनला सरकारी पैशावर चालणारी प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूट होती. तिचा १९४८ पासून १९७१ पर्यंतचा संचालक डग्लस बेल हा मुळात सातूचाच पैदासकार. त्याने प्लुमेज-आर्चरचा केनिया या डॅनिश वाणाशी संकर केला. केनियाचं काड ताठ आणि तो लवकर येणारा. प्लुमेज-आर्चरचा दाणा माल्टचा. १९५३ साली त्यातून प्रॉक्टर बाहेर पडला आणि दहा वर्षांच्या आत इंग्लंडमधल्या सातूचा राजा झाला. शेतकऱ्याला जास्त पीक आणि माल्टवाल्याला चांगला दाणा, दोन्ही एका वाणात. असं क्वचित घडतं.

पण प्रॉक्टर वसंतात पेरायचा. पूर्व इंग्लंडच्या हलक्या जमिनीत मे-जूनमध्ये ओल तुटते आणि उशिरा पेरलेला सातू दाणा भरताना होरपळतो. शरदात पेरलेल्या पिकाची मुळं तोवर खोल गेलेली असतात, ते जुलैत कापणीला येतं, कामाची गर्दी विभागते आणि माल्टवाल्याला नवा माल महिनाभर आधी मिळतो. अडचण एकच होती. थंडी काढणारे सातू बहुतेक सहा ओळींचे आणि जनावरांच्या खाद्याचे. सहा ओळींच्या ओंबीत बाजूचे दाणे दाटीत वाढतात, वाकडे आणि बारीक राहतात; माल्टच्या हौदात ते एकसारखे फुगत नाहीत. दोन ओळींच्या ओंबीत दाण्याला जागा मिळते. बेलच्या हाताशी पायोनिअर नावाचा वाण होता, दोन ओळींचा आणि थंडी सोसणारा. प्रॉक्टर गुणिले पायोनिअर, एवढाच तो संकर.

कागदावर एवढाच. प्रत्यक्षात काय करावं लागतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सातूचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, आणि तेही बऱ्याचदा ओंबी पानाच्या आवरणातून पूर्ण बाहेर येण्याआधी. म्हणून संकरासाठी कोवळी ओंबी उघडून, प्रत्येक फुलातले तीन-तीन परागकोश चिमट्याने काढून, पिशवी बांधून, दोनेक दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावावा लागतो. पहिल्या पिढीची झाडं सारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत सगळे गुण विखुरतात आणि खरी निवड तिथून सुरू होते. दर पिढीत मिश्रपणा निम्मा होत जातो. सहाव्या पिढीपर्यंत तो तीन टक्क्यांवर येतो आणि ओळ स्थिर मानता येते. त्यानंतर ठिकठिकाणच्या चाचण्या, बियाणं वाढवणं, नोंदणी. संकरापासून पोत्यापर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

माल्टिंगची परीक्षा मात्र या साच्यात बसत नाही. दुसऱ्या पिढीतल्या एका झाडाचे दाणे किती, तर मूठभर. त्यांचा माल्ट केला तर पेरायला काही उरत नाही. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत काडाचा ताठपणा, रोग, दाण्याचा आकार आणि फार तर नत्र पाहून चाळणी लावायची, आणि छोट्या नमुन्याचं माल्टिंग पुढच्या पिढ्यांवर ढकलायचं. तोवर शेकडो ओळी टाकून दिलेल्या असतात. त्यात एखादी उत्तम माल्टची ओळ काड कमजोर म्हणून गेली असेल, हे पैदासकाराला माहीत असतं आणि तो ते सोसतो.

१९६५-६६ च्या सुमारास मॅरिस ऑटर बाजारात आला. संस्थेजवळच्या मॅरिस लेन या रस्त्यावरून तिच्या वाणांच्या नावात ‘मॅरिस’ येत असे. इंग्लंडमध्ये चिप्ससाठी वापरला जाणारा मॅरिस पायपर बटाटा त्याच घरातला. वनस्पती पैदासकारांना हक्क देणारा ब्रिटिश कायदा १९६४ चा, म्हणजे नुकताच झालेला. हा हक्क पुढे या गोष्टीत पुन्हा येईल.

सत्तरच्या दशकात मॅरिस ऑटरने शरदातल्या माल्टिंग सातूचं मैदान मारलं. नत्र कमी धरायचा, दाणे एकजात रुजायचे आणि मोड येताना दाणा आतून सारखा सुटायचा. इंग्लिश एलची ब्रुअरी एकाच तापमानावर, साधारण पासष्ट अंश सेल्सियसला, दळलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवते आणि त्याच हौदातून रस गाळते. तापमान पायरीपायरीने चढवून माल्टची कसर भरून काढायची सोय तिथे नसते. अशा साध्या हौदाला भट्टीतूनच पूर्ण तयार होऊन आलेला माल्ट लागतो. मॅरिस ऑटर माल्टवाल्याच्या आणि ब्रुअरच्या बारीकसारीक चुका पोटात घालतो, अशी त्याची ख्याती झाली.

घसरण

पडझडीची कारणं एकात एक गुंतलेली आहेत, पण मला ती सारख्या वजनाची वाटत नाहीत.

उत्पादन हे उघड कारण. जर्मनीहून इग्रीसारखे शरदातले दोन ओळींचे वाण आले, त्यांनी खाद्याच्या बाजारात धुमाकूळ घातला. मॅरिस ऑटरचं काड उंच आणि लोळणारं, पानांवर भुरी आणि इतर बुरशी लवकर. १९८० मध्ये इंग्लंडच्या शेतात सातूचा पिवळा मोझॅक विषाणू सापडला. तो जमिनीतल्या एका सूक्ष्म परजीवीमार्फत मुळांत शिरतो, फवारणीने जात नाही, आणि मॅरिस ऑटर त्याला बळी पडतो. तुलनेच्या तक्त्यात प्रत्येक नव्या वाणाशेजारी हा जुना वाण खाली खाली दिसू लागला.

गिऱ्हाईकही बदललं. लागर या दुसऱ्या धाटणीच्या बिअरचा खप वाढला, ब्रुअऱ्या एकमेकींत विलीन होऊन अवाढव्य झाल्या, त्यांची यंत्रं बदलली. मोठ्या ब्रुअरीला स्वस्त आणि भरपूर माल्ट हवा असतो. तिची गाळणी नव्या वाणांवर व्यवस्थित चालत होती. हॅल्सियन आणि पिपकिन आले ते याच वेळी. मॅरिस ऑटरचे गुण घेऊन जास्त पिकणारे, म्हणजे पैदासकाराने आपलं काम चोख केलं होतं.

आणि तिसरं कारण, ज्याबद्दल कमी बोललं जातं: बियाणं बिघडलं. शेतकरी घरचं बियाणं वर्षानुवर्षं पेरत होते, प्रमाणित बियाण्याची खरेदी कमी होत होती. कुठे कुठे या बिघाडाचा दोष परपरागीभवनाला दिलेला वाचायला मिळतो. सातूत ते इतकं कमी असतं की मला तो मुख्य गुन्हेगार वाटत नाही. कंबाइनच्या पोटात राहिलेले मागच्या शेताचे दाणे, पेरणी यंत्र, ट्रॉली, कोठार, आणि मागच्या हंगामात सांडून आपोआप उगवलेलं दुसऱ्या वाणाचं पीक, एवढी भेसळ पुरेशी आहे. दहा हंगामांत ती गुणाकाराने वाढते.

खाद्याच्या सातूत भेसळीने कुणाचं बिघडत नाही. माल्टमध्ये मात्र तिथेच घात होतो. दोन वाण पाणी वेगवेगळ्या वेगाने शोषतात. एकाचा मोड तयार होईपर्यंत दुसऱ्याचा निम्म्यावर असतो. थांबायचं कुठे? आधी थांबलं तर अर्धे दाणे कच्चे, उशिरा थांबलं तर अर्ध्या दाण्यांनी आपलं पिष्ट मोड वाढवण्यात खाऊन टाकलेलं. माल्टवाल्याला वाटतं, वाणाचा दम संपला. चाचणीतही तेच दिसतं. वाण तसाच होता, पोत्यात वाण उरला नव्हता.

१९८७ मध्ये सरकारने प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटचा पैदास विभाग युनिलिव्हरला विकला. तिथून तो १९९८ मध्ये मॉन्सॅन्टोकडे आणि २००४ मध्ये फ्रेंच आरएजीटी कंपनीकडे गेला. रॉयल्टीवर जगणाऱ्या पैदासकाराला नवे वाण पुढे ढकलण्यात फायदा असतो. वीस वर्षं जुन्या, घरच्या बियाण्यावर फिरणाऱ्या वाणाचं मूळ बियाणं शुद्ध राखण्याचा खर्च तो कशाला करील? यात कुणी खलनायक शोधू नये; गणितच तसं आहे.

१९८९ ला यादीतून नाव गेलं, ते या सगळ्याचं शेवटचं टोक.

दोन धान्य व्यापारी

वाण वाचवला तो कुठल्या संशोधन संस्थेने नाही. नॉरफोकची एच. बॅनम आणि हॅम्पशरची रॉबिन ॲपल या दोन धान्य-बियाणे व्यापारी कंपन्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आल्या. जुन्या धाटणीच्या एल करणाऱ्या ब्रुअऱ्यांना अजून मॅरिस ऑटर हवा होता आणि जादा पैसे मोजायची त्यांची तयारी होती, हे त्यांना गिऱ्हाइकांकडून कळत होतं. मागणी होती, माल भेसळीचा होता.

त्यांनी बियाण्याची साफसफाई हाती घेतली. सातूसारख्या स्वपरागी पिकात त्याची रीत ठरलेली आहे. वाणाच्या मूळ वर्णनाशी तंतोतंत जुळणारी झाडं निवडायची, प्रत्येक ओंबीचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरायचे, आणि हंगामभर ओळींमधून फिरायचं. पानाचा रंग, ओंबीचा झुकाव, कुसळ, पक्व होण्याचा दिवस, दाण्याच्या घडीतले केस, यात एखादी ओळ जरा वेगळी वाटली की ती सगळी उपटून टाकायची. उरलेल्या ओळी एकत्र करून केंद्रक बियाणं, त्यातून पैदासकार बियाणं, पायाभूत, प्रमाणित. इथे नवीन जनुक आणलेलं नाही की उत्पादनात भर घातलेली नाही. १९६६ चा वाण १९६६ सारखा केला, इतकंच.

माझ्या दृष्टीने प्रकरणाचं मर्म या कंटाळवाण्या कामात आहे. पैदासशास्त्राच्या पुस्तकांत संकरावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि वाणाच्या देखभालीवर दोन पानं. मॅरिस ऑटरचा निकाल त्या दोन पानांवर लागला.

दुसरी गोष्ट कराराची. २००२ मध्ये या दोघांनी वाणाचे हक्क विकत घेतले. बियाणं करारावर द्यायचं आणि पिकलेला माल परत घ्यायचा, अशी ही व्यवस्था. त्यामुळे किती एकर पेरायचं ते माल्टच्या मागणीवरून ठरतं, दर कोसळत नाही, आणि दरवर्षी ताजं प्रमाणित बियाणं पेरलं जातं. घरच्या बियाण्याची वाट बंद झाली म्हणून भेसळीचीही बंद झाली. ज्या हक्काचा वापर कंपन्या जुना वाण मागे सारून नवा खपवायला करतात, तोच हक्क इथे जुना वाण टिकवायला कामी आला.

रॉबिन ॲपलने २००१ मध्ये वॉर्मिन्स्टरचं माल्टघर घेतलं. बीव्हनचंच ते. तिथे आजही फरशीवर धान्य पसरून, हाताने उलथून माल्ट करतात.

शेतकऱ्याचा हिशेब

ब्रिटनमधला हिवाळी सातू सरासरी हेक्टरी सात टनांच्या आसपास जातो, चांगल्या रानात त्याहून बराच वर. मॅरिस ऑटर साधारण साडेपाच धरू. दोन्हींतून सारखी रक्कम हाती यायची तर मॅरिस ऑटरला टनामागे सत्तावीस टक्के जास्त दर हवा. खत कमी लागतं, तेवढी बचत. बुरशीनाशक आणि काड आखूड करणारं औषध लागतं, तेवढा खर्च. आणि जोखीम वेगळीच. नत्र मर्यादेबाहेर गेलं किंवा कापणीच्या वेळी पाऊस लागून दाणा शेतातच फुटला तर माल खाद्याच्या दराने जातो, आणि तेव्हा दीड टनाचं नुकसान उघडं पडतं.

म्हणून हा वाण सगळीकडे शहाणपणाचा नाही. नॉरफोकच्या हलक्या वाळूमिश्रित जमिनी किंवा दक्षिणेतली खडूची रानं, जिथे नव्या वाणाची ताकद तशीही पुरती दिसत नाही, तिथे दोन वाणांतली दरी आक्रसते आणि जादा दर खरा फायदा ठरतो. भारी जमिनीत भरघोस पिकवणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. खत लवकर, वसंताच्या तोंडालाच देऊन टाकायचं आणि नंतर हात आवरायचा. ज्याला हिरवंगार शेत बघायची हौस आहे त्याला हे जमत नाही.

सोलापूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हे सांगावं लागू नये. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी स्वातंत्र्याच्या आधीची. तिच्यानंतर जास्त दाणा देणारे कितीतरी रब्बी वाण आले, तरी भाकरी आणि कडबा यांच्यासाठी माणसं तिच्याकडेच वळतात. फरक एवढाच की तिथे करार नाही, त्यामुळे ‘मालदांडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पोत्यात काय असेल याची खात्री व्यापाऱ्याच्या शब्दावर.

चवीचं काय

मॅरिस ऑटरच्या माल्टला बिस्किटासारखी, भरीव चव असते असं ब्रुअर सांगतात. इंग्लंडमधल्या स्पर्धांत जिंकलेल्या अनेक एल त्याच्यावर बनलेल्या आहेत, हेही पुढे केलं जातं. पण जी ब्रुअरी महागडा माल्ट घेते ती बाकीच्या गोष्टींतही हात आखडता घेत नसावी, त्यामुळे बक्षिसांवरून वाणाचा गुण सिद्ध होत नाही.

बराच काळ माल्ट आणि ब्रुइंगच्या शास्त्रज्ञांचं मत असं होतं की चव ठरते भट्टीत. वाण म्हणजे नुसतं पिष्टाचं पोतं. ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या पॅट्रिक हेज यांच्या गटाने हे तपासायचं ठरवलं. त्यांनी मॅरिस ऑटर घेतला नाही, पण त्याच पठडीतला, स्कॉटलंडमध्ये नावाजलेला गोल्डन प्रॉमिस घेतला. मेथॉर्प या वाणावर गॅमा किरण टाकून मिळालेला आखूड काडाचा सातू. त्याचा फुल पिंट या अमेरिकन वाणाशी संकर करून संतती वेगवेगळ्या ठिकाणी पिकवली, प्रत्येकीचा माल्ट आणि बिअर एकाच रीतीने केली आणि जाणकारांना चाखायला दिली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वाणाचा चवीवर ठसा उमटतो, पिकवण्याच्या जागेचाही उमटतो, आणि तो गुण संततीत उतरतो. फरक ढोबळ नव्हते, पण ओळखता येत होते.

पैदासकारासाठी यातला शेवटचा भाग कामाचा. चव उतरत असेल तर तिची निवडही करता येईल. पण कशी? नत्र मोजायला यंत्रासमोर दाणे धरले की काही सेकंदांत आकडा येतो. पन्नास-शंभर ग्रॅम सातूवर छोटं माल्टिंग होतं, हजारो ओळींवर डीएनएच्या खुणा तपासता येतात. चवीला मात्र अजून माणसाची जीभ आणि पूर्ण बिअर लागते. पैदासीच्या ज्या टप्प्यावर ओळी टाकून दिल्या जातात, तिथे ही परीक्षा पोचत नाही. हॅल्सियन-पिपकिनच्या निवडीतही ती नव्हती. त्यांच्यात उतारा, नत्र आणि पीक पाहिलं गेलं, त्याच मापावर ते पास झाले, आणि पुढे त्याच मापावर त्यांच्याहून सरस वाणांनी त्यांना काढलं. त्यांच्यासाठी वेगळं माप लावून जादा पैसे देणारं गिऱ्हाईक कुणी बांधलं नव्हतं.

आपल्याकडे राजस्थान, हरियाणा, पंजाबच्या पट्ट्यात हाच खेळ वेगळ्या हवामानात चालू आहे. कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेने डीडब्ल्यूआरयूबी ५२, डीडब्ल्यूआरबी १०१, डीडब्ल्यूआरबी १२३ असे दोन ओळींचे माल्टिंग वाण दिले. तिथला शत्रू मार्चमधलं ऊन: दाणा भरायचा काळ आखडतो, दाणा बारीक राहतो आणि प्रथिन चढतं. इंग्लंडमध्ये थंडी सोसणारा माल्टचा दाणा शोधावा लागला, इथे घाईने भरणारा.

सुधारता न येणारा वाण

शेवटची अडचण कायद्याची आणि जीवशास्त्राची मिळून आहे. पिवळ्या मोझॅकला प्रतिकार देणारी जनुकं माहीत आहेत. त्यातलं आरवायएम-४ गेली काही दशकं युरोपभर वापरात आहे, जरी विषाणूच्या नव्या प्रकाराने ते काही ठिकाणी भेदलं असलं तरी. मॅरिस ऑटरमध्ये ते आणणं अवघड काम नव्हे. प्रतिकारक वाणाशी संकर करायचा, संततीचा पुन्हा पुन्हा मॅरिस ऑटरशी संकर करायचा, दर वेळी डीएनएच्या खुणेवरून जनुक आहे ना ते पाहायचं. पाच वेळा उलट संकर केला की सरासरी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक मॅरिस ऑटर परत मिळतो. काडही याच रीतीने आखूड करता येईल.

फक्त मग तो मॅरिस ऑटर राहणार नाही. वाणाची नोंदणी वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता या तीन कसोट्यांवर होते. नवी ओळ जुन्यापासून वेगळी ठरली तर तिला नवं नाव, नव्या चाचण्या, माल्टिंग-ब्रुइंगची नवी मान्यता, आणि ब्रुअरची नव्याने मनधरणी. करारात आणि बाटलीवर लिहिलंय मॅरिस ऑटर. जादा दर त्या नावाला आहे. वेगळी ठरली नाही, तर मग सुधारणा तरी काय केली?

त्यामुळे १९६६ च्या जनुकांवर हा वाण गोठलेला आहे आणि रोग मात्र थांबलेले नाहीत. मोझॅकचा विषाणू वाहून नेणाऱ्या परजीवीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशकं टिकतात, फेरपालटीने जात नाहीत. ज्या रानात तो एकदा शिरला, तिथे मॅरिस ऑटर घेण्यात अर्थ उरत नाही. तिथे प्रतिकारक वाण पेरायचा आणि करारासाठी दुसरं स्वच्छ रान शोधायचं.